बाई, समासातल्या त्या दोन शब्दांसाठी

आदरणीय बाई,

बाबांचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री मी झोपले नाही. कागदावर बरंच काही होतं, पण माझी नजर एकाच शब्दावर खिळली होती: क्रॉनिक. आधीच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये फळ्यावरून उतरवून घेतलेल्या यादीत त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'अतिशय गंभीर, भयंकर'. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची. आईला मी काही बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी रिपोर्ट पिशवीत घेऊनच वर्गात आले आणि सगळे गेल्यावर तुमच्यासमोर ठेवला.

तुम्ही तो वाचला नाहीत. 'बाकीचा डॉक्टरांचा विषय,' म्हणालात. त्या एका शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढलीत, समासात लिहिलंत, 'किती काळ?' आणि खाली स्वतःच उत्तर लिहिलंत, 'जुनाट'.

जुनाट! हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. दमा जुनाट असतो, सांधेदुखी जुनाट असते, आणि माणसं ती दुखणी सांभाळत वर्षानुवर्षं संसार करतात. ग्रीकमध्ये 'क्रोनोस' म्हणजे काळ, त्यावरून आलेला हा शब्द दुखणं किती दिवस चालतं तेवढंच सांगतो, किती वाईट आहे ते सांगत नाही, हे तुम्ही समजावलंत. अक्यूट दुखणं अचानक उसळतं, चार दिवसांचं असूनही जिवावर बेतू शकतं. क्रॉनिक तीस वर्षं सोबत राहू शकतं. 'गंभीर आहे का, ते डॉक्टरांना विचार. या शब्दाला नको विचारूस,' असं म्हणून तुम्ही कागद घडी घालून परत दिलात. बाबा आता रोजच्या गोळ्यांवर आहेत, बरे आहेत.

या गोष्टीला बरेच महिने झाले, तरी ती रात्र आठवली की पोटात गोळा येतो. आणि रागही येतो. ज्यांनी ती यादी फळ्यावर लिहिली त्यांना तो शब्द नीट माहीत नव्हता, आणि माहीत नाही असं म्हणण्याची त्यांची तयारी नव्हती. टेम्पररी, ट्रान्झियंट, एफेमरल, मोमेंटरी, फ्लीटिंग या पाचही शब्दांपुढे त्यांनी एकच अर्थ दिला होता, 'क्षणिक'. पाठ करा, पुढे चला. त्याच वर्गात मी एकदा उभी राहून म्हणाले होते की मी 'सिन्स थ्री इयर्स' नोकरी करते. शिकवणारे हसले, मग वर्ग हसला. बरोबर काय ते कुणीच सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी चारचौघांत इंग्रजीत तोंड उघडलं नाही.

तुमच्याकडे पहिल्याच निबंधात मी पुन्हा तेच लिहिलं. वही परत आली तेव्हा लाल शाईची सवय असलेले माझे डोळे लाल शाई शोधत होते. ती नव्हती. 'सिन्स'च्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'किती काळ? की केव्हापासून?'

बाई, मला हे पत्र खरं तर या प्रश्नचिन्हाबद्दल लिहायचं आहे. चूक म्हणून खोडलं असतंत तर मी दुरुस्ती केली असती आणि विसरले असते. तुम्ही विचारलंत. म्हणजे मला काहीतरी सांगायचं आहे आणि ते तुम्हाला नेमकं ऐकायचं आहे, असं तुम्ही धरून चाललात. इंग्रजीच्या बाबतीत माझ्याशी तसं कुणी वागलं नव्हतं.

आणि चूक कुठून येते तेही तुम्हीच दाखवलंत. आपला 'पासून' दोन्ही कामं करतो, 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून'. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स, सगळा कालावधी असेल तर फॉर. तुमची खूण मी आता माझ्या भाचीलाही शिकवते: जिथे मराठीत 'गेली तीन वर्षं', 'गेले सहा महिने' म्हणता येतं, तिथे फॉर. 'सोमवारपासून'ला तसं बदलता येत नाही, तिथे सिन्स. 'पर्यंत'चंही तसंच. 'शुक्रवारपर्यंत थांबा' यातलं थांबणं शुक्रवार येईतो चालू राहतं, म्हणून अनटिल. 'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' यात अर्ज एकदाच द्यायचा, म्हणून बाय. ऑफिसच्या किती पत्रांत मी हे उलटं लिहिलं असेल!

मग त्या यादीतले पाच शब्द तुम्ही एकेक करून सोडवलेत. टेम्पररी म्हणजे तात्पुरता, पुढे दुसरं काही येणार आहे हे गृहीत धरलेला. मोमेंटरी खरोखर क्षणाचा. ट्रान्झियंट येऊन निघून जाणारा. फ्लीटिंगमध्ये निसटण्याची चुटपुट आहे. एफेमरल तर मुळात एका दिवसाचा, ग्रीक 'हेमेरा' म्हणजे दिवस. ज्या किड्यांचं प्रौढ आयुष्य काही तासांचं किंवा फार तर एखाद-दोन दिवसांचं असतं त्या मेफ्लायच्या गणाचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलंय. तेव्हा तुम्ही आम्हाला विचारलंत, 'औट घटका म्हणजे किती?' कुणालाच येईना. औट म्हणजे साडेतीन, घटका २४ मिनिटांची, म्हणजे ८४ मिनिटं. आपल्या भाषेतला काळ आपणच मोजलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

इनडेफिनिट म्हणजे अनंत, असं मी समजत होते. 'बेमुदत,' तुम्ही म्हणालात. शेवट नाही असं नाही, शेवटाची तारीख ठरलेली नाही. संततधार पाऊस कंटिन्युअस, थांबून थांबून दिवसभर येणाऱ्या सरी कंटिन्युअल. आणि 'लास्ट' म्हणजे शेवटचा आणि 'टू लास्ट' म्हणजे टिकणं, हे दोन शब्द दिसायला सारखे असले तरी जुन्या इंग्रजीत त्यांची मुळं वेगळी आहेत, हे ऐकून घरी जाताना मी कितीदा तरी ते मनात घोळवलं.

ज्याला येतं त्याने, न येणाऱ्याला लाज वाटू न देता ते द्यावं. याला पदवी लागत नाही, मोठी फी लागत नाही. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्यात, कचेरीत, कुठेही एखादा माणूस असा भेटतो आणि दिवस सोपा होतो. तो न भेटल्यामुळे किती जण गप्प बसले असतील, किती जण चुकीचा अर्थ उराशी धरून रात्रभर जागले असतील, याचा मी अलीकडे फार विचार करते. तुमच्यासारखी माणसं आहेत हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

दुसरं कारण साधं आहे. तुमची नेमणूक हंगामी होती. एका सोमवारी आम्ही वर्गात आलो तर दुसऱ्याच बाई उभ्या होत्या, आणि तुमचा पत्ता कुणाकडे नव्हता. निरोप घेता आला नाही, आभार मानायचे राहिले. हे कधी तुमच्या वाचनात आलं तर एवढंच कळावं की मी परवा पन्नास माणसांच्या बैठकीत इंग्रजीत उभी राहून बोलले, आणि पहिल्याच वाक्यात 'फॉर थर्टीन इयर्स' असं न अडखळता म्हणाले.

बाबांच्या फाइलमध्ये तो रिपोर्ट अजून आहे. समासातली पेन्सिल पुसट होत चालली आहे, म्हणून काल त्या पानाचा आणि वहीतल्या सगळ्या पानांचा फोटो काढून ठेवला.

तुमची विद्यार्थिनी