एका ‘ओव्हर’पायी

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिलं नाही, त्याची लाज वाटते. रोज ठरवायचो आणि राहून जायचं. आज मध्यरात्र उलटली तरी झोप नाही, आणि जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. घरी सांगितलं तर ‘एवढंच ना?’ म्हणाले. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

परदेशातल्या शाखेतली माझी सहकारी, तिच्याबद्दल तुला लिहिलं होतं. चार वर्षं जवळजवळ रोज फोनवर बोलतो. गेल्या आठवड्यात तिची आई गेली. मी रात्री बसून, शब्द न् शब्द तोलून मेल लिहिली. शेवटचं वाक्य होतं, ‘आय होप यू गेट ओव्हर इट सून.’ उत्तर आलं, ‘थँक्स.’ बस. एरवी दोन ओळींच्या निरोपाखालीही नाव लिहिणारी, त्या दिवशी नाव नाही. परवा तिथलाच एकजण हळूच म्हणाला, ‘ते वाक्य जरा लागलं तिला.’

मी हादरलो. ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून, आजारातून सावरणं, हे मला पाठ आहे रे. ‘शी गॉट ओव्हर द फ्लू’ म्हटलं तर कुणालाच काही वाटत नाही. पण आई गेलेल्या माणसाला तेच म्हटलं की ऐकू येतं, ‘पुरे आता, आटप.’ ‘गेट ओव्हर इट’ हे ते लोक एकमेकांना झापायलाही वापरतात. त्यात माझं ‘सून’, म्हणजे वर घाईही. आणि ‘इट’! तिच्या आईच्या जाण्याला मी ‘ते’ म्हणालो. म्हणायला हवं होतं ‘गेट थ्रू’. ‘ओव्हर’मध्ये दुःख ओलांडून माणूस पुढे निघून जातो. ‘थ्रू’मध्ये त्याला त्या दुःखाच्या आतून वाट काढावी लागते, आणि आपल्याला ते कळतंय एवढं तरी सांगता येतं.

आता तू म्हणशील, ‘मी सांगितलं नव्हतं?’ सांगितलं होतंस. ती वही आठवते? ‘गेट’ची दोन पानं, ‘पुट’चं एक, ‘लुक’चं एक. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक इनटू म्हणजे चौकशी करणं. तू ती भिरकावलीस आणि म्हणालास, ‘याद्या नको, वाक्यं पाठ कर. कोण कुणाला म्हणतंय ते बघ.’ तीन दिवस बोललो नव्हतो. खरं सांगू, त्या वहीवर माझा अजून जीव आहे. ‘टर्न ऑफ इट’ नाही, ‘टर्न इट ऑफ’. पण ‘लुक हर आफ्टर’ कधीच नाही, ‘लुक आफ्टर हर’च. हे मला त्या वहीनंच शिकवलं. पण ऐकणाऱ्याच्या मनावर शब्द कसा पडतो, हे तिच्यात कुठेच नव्हतं. तेवढ्यापुरता तू बरोबर होतास.

आणि आपला लंबू! परीक्षेला अर्धा तास उशिरा आला आणि सरांना म्हणाला, ‘सर, द अलार्म वेंट ऑफ.’ सर म्हणाले, ‘मग उठायचं ना!’ लाइट ‘गो ऑफ’ झाले की अंधार, आणि गजर ‘गो ऑफ’ झाला की कानठळ्या. त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं, गजर बंद पडला. तू बाकाखाली तोंड घालून हसत होतास, ते मला आत्ताही दिसतंय. त्याच दिवशी सरांनी इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनचं सांगितलं होतं. 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत त्यानं लिहून ठेवलंय की ‘कम ऑफ’, ‘सेट ऑफ’ असली जोडक्रियापदं परक्यांना फार जड जातात. तेव्हा ते ऐकून धीर आला होता. आज येत नाही.

दिवसभर एकच विचार डोक्यात आहे. आपल्याकडे कुणी लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून टाक म्हटलं तर आपण अडतो का? ‘रडून घे’ म्हटलं की पाठीवरून हात फिरतो, आणि ‘रडत बस’ म्हटलं की दार आपटतं. रडणं तेच. आपल्या भाषेत नवखा कुणी मला चुकून ‘रडत बस’ म्हणाला असता, तर मीही एका शब्दात उत्तर दिलं असतं, नाही का? म्हणून तिच्यावर राग नाही. पण तिनं त्या क्षणी ते ऐकलं, ते मला पुसता येत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल कळव. काकूंना नमस्कार. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही, मी आता उशीर करणार नाही.

तिला पुन्हा लिहावं की गप्प बसावं? एक मसुदा केलाय: ‘आय पुट इट बॅडली. देअर इज नो हरी. आय ओन्ली होप यू हॅव पीपल अराउंड यू टु हेल्प यू गेट थ्रू धिस.’ वाक्य तुझ्या पद्धतीनं वाच, ती ऐकतेय असं समजून. आज रात्री पाठवत नाही. तुझा फोन आला की पाठवेन.

तुझाच