टाकीतला वापसा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माझ्या खोलीतल्या तंबूत माती नसताना रोप उभे कशाच्या आधारावर राहते आणि खाते काय, हे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. फोनवर मी त्याचे उत्तर दोन वाक्यांत दिले आणि ते अपुरे होते, हे फोन ठेवल्यावर लगेच जाणवले. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

ज्याला मी तंबू म्हणते ते खरे तर ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि माणसाहून थोडे उंच असे जाड कापडाचे कपाट आहे. त्याला आतून चांदीसारखे चकचकीत अस्तर आहे, म्हणजे दिव्याचा उजेड भिंतींवरून परतून खालच्या पानांपर्यंतही पोचतो. वर एलईडी दिवा आणि हवा बाहेर ओढणारा पंखा आहे, खाली २० लिटरची काळी टाकी. टाकी मुद्दाम काळी घेतली, कारण खतपाण्याला उजेड लागला की शेवाळ धरते. झाकणाच्या भोकांत जाळीदार कुंड्या बसवल्या आहेत आणि त्यांतले भाजलेल्या मातीचे गोळे रोपाला फक्त आधार देतात, खायला काहीच देत नाहीत. मुळे जाळीतून खाली उतरून थेट पाण्यात जातात. सध्या सहा कुंड्यांत लेट्यूस आहे आणि एकीत पुदिना.

खाण्याविषयीचा तुमचा प्रश्न फार जुना आहे. जॉन वुडवर्ड नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १६९९ मध्ये पुदिन्याचीच रोपे पावसाच्या, नदीच्या आणि माती कालवलेल्या पाण्यात वाढवून त्यांची वजने केली, तेव्हा माती कालवलेल्या पाण्यातली रोपे जास्त वाढलेली निघाली. म्हणजे नुसत्या पाण्यावर रोप पोसत नाही, पाण्यात उतरलेले आणखी काहीतरी त्याला लागते. ते ‘काहीतरी’ म्हणजे मोजके क्षार आहेत, हे पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप या शास्त्रज्ञांनी मातीविना रोपे वाढवून दाखवले. मी वापरते ती विद्राव्य खते त्याच वाटेने आलेली आहेत.

पण मातीचे काम एवढेच आहे असे समजणे ही माझी चूक होती, आणि ती मला गेल्या उन्हाळ्यात कळली. टाकीत हवेचा एक छोटा पंप चोवीस तास बुडबुडे सोडत असतो. मी दोन दिवस बाहेरगावी गेले असताना त्याची नळी निसटली. परत येऊन तंबूची चेन उघडली तर टाकी जवळजवळ भरलेली होती आणि लेट्यूसची पाने मात्र पाणी न मिळाल्यासारखी लोळत होती. झाकण उचलले तेव्हा कुजट वास आला. पांढरी मुळी तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, आणि बोटाने ओढल्यावर तिची साल निघून आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरत होता. ती मूळकूज होती. श्वास कोंडला की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही, त्यामुळे रोप पाण्यात उभे राहूनच तहानेने मान टाकते.

त्या दिवशी मला तुमचा ‘वापसा’ हा शब्द आठवला. पाऊस उघडल्यावर तुम्ही हातात ढेकूळ घेऊन, दाबून पाहून, अजून वापसा नाही म्हणून परत फिरायचात, आणि लहानपणी मला त्यात फक्त दिरंगाई दिसायची. मातीच्या कणांमध्ये पाणी आणि हवा दोन्ही एकाच वेळी असण्याची ती स्थिती आहे, हे मला टाकीने शिकवले. माती निचरा होताना ती आपोआप साधते. माझ्या टाकीत ती त्या पंपावर अवलंबून आहे. त्यात पाणी तापले की गोष्ट आणखी बिघडते, कारण २० अंशाला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि नेमक्या त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणून दिवा आता मी रात्रीच्या गारव्यात लावते आणि पाणी १८ ते २२ अंशांच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न करते. खराब झालेली सगळी रोपे टाकून दिली, टाकी धुऊन निर्जंतुक केली आणि नव्याने सुरुवात केली.

सामूचेही, म्हणजे पाणी किंवा माती किती आंबट वा खारी आहे ते सांगणाऱ्या पीएचच्या आकड्याचेही, तसेच आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे तुम्ही अनेकदा पाहिले आहे. पाण्याचा सामू वर चढला की टाकीतही हेच घडते. फरक इतकाच की जमिनीतली चिकणमाती आणि सेंद्रिय अंश सामू सहसा हलू देत नाहीत, आणि टाकीत मात्र रोपांनी नायट्रेट उचलले की तो एकदोन दिवसांतच वर सरकतो. मी तो रोज सकाळी मोजते आणि साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये आणून ठेवते. खतेही दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवावी लागतात, कारण कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण सल्फेट किंवा फॉस्फेटच्या दाट द्रावणात थेट मिसळले तर तळाशी पांढरा साका बसतो आणि तो रोपाच्या कामाचा राहत नाही.

या मोजण्यांपैकी मला सर्वांत आवडते ते पाण्याची पातळी आणि क्षारांचे प्रमाण एकत्र पाहणे. पातळी उतरली आणि क्षारांचा आकडा चढला, तर रोपे खाण्यापेक्षा पीत जास्त आहेत आणि त्यांना नुसते पाणी द्यावे. दोन्ही उतरले, तर ती भुकेली आहेत. तो आकडा एकूण क्षार सांगतो, त्यांतला कोणता संपला ते सांगत नाही, म्हणून दर दोन आठवड्यांनी सगळे पाणी बदलते.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपू लागल्या तेव्हा मी आधी खत वाढवले, आणि ते चुकले. कॅल्शियम पानांतून उडणाऱ्या पाण्याच्या ओढीबरोबर वर चढते, आणि गड्ड्याच्या आत हवाच हलत नसल्याने तिथे ती ओढ पोचत नव्हती. एक लहान पंखा पानांवर फिरता ठेवला आणि नवी पाने स्वच्छ आली.

विजेविषयी आईने विचारले आहे. १०० वॉटचा दिवा १६ तास चालतो, म्हणजे रोज १.६ युनिट, पंप आणि पंखे वेगळे. ज्याच्या दारात ऊन आणि माती आहे त्याने हा खटाटोप करावा असे मी म्हणणार नाही. माझ्या खोलीच्या एकुलत्या खिडकीत थेट ऊन येतच नाही, म्हणून मला तो करावासा वाटतो.

गेल्या आठवड्यात मी त्याच पुदिन्याची एक फांदी मातीच्या कुंडीत लावली आणि ती टाकीशेजारी, त्याच दिव्याखाली ठेवली आहे. तिला पाणी कधी द्यायचे याचा अंदाज मला अजून येत नाही, वरची माती कोरडी दिसली तरी खाली ओल असते. तुम्ही बोट कितपत खोल घालून पाहता, ते कृपा करून लिहा. महिन्याभराने दोन्ही रोपे उपटून मुळांचे फोटो तुम्हाला पाठवीन.

आईला नमस्कार.

तुमची लेक