प्रसूतिकक्षातल्या परिचारिकेला कायद्याचा आधार हवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

प्रसूतीच्या वेळी बाळ किंवा बाळंतीण दगावली की 'डॉक्टर व परिचारिकांवर निष्काळजीपणाचा आरोप' हे वाक्य बातमीत हमखास येते. त्या वाक्यात शेजारी असलेल्या दोघांना कायदा आता एकाच मापाने मोजत नाही, याकडे वाचकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचार करताना तसे घडले, तर मर्यादा दोन वर्षांची आहे. ही सवलत कोणाला, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली ज्यांची पदवी मान्य आहे आणि ज्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे, त्यांना. परिचारिकेची नोंदणी परिचर्या परिषदेकडे असते, त्यामुळे ती या व्याख्येत बसत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये सर्वांनाच कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. डॉक्टरांना मिळालेली सवलत मला खटकत नाही. त्यांच्या आदेशानुसार इंजेक्शन देणारी व्यक्ती मात्र अडीचपट शिक्षेच्या छायेत उभी राहते, हे खटकते.

हे आदेश अनेकदा तोंडी असतात. रात्रपाळीत निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात असतात, खासगी नर्सिंग होममध्ये तर ते घरी असतात, आणि 'ड्रिप वाढवा' एवढे फोनवर सांगितले जाते. ड्रिपमधल्या ऑक्सिटोसिनने, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाने, कळा फार जोराच्या आणि लागोपाठ येऊ लागल्या, तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. बाळाचे ठोके मंदावलेले पहिल्यांदा ऐकते ती सिस्टर. तिने ड्रिप थांबवली तर आदेश मोडला म्हणून जाब, न थांबवली तर बाळाच्या जिवाला धोका. केसपेपरवर वेळ आणि आदेश देणाऱ्याचे नाव लिहून ठेवणे एवढेच तिच्या हातात असते, आणि एका पाळीत अनेक बाळंतिणी सांभाळताना तेही नेमके घाईच्या क्षणी राहून जाते.

अल्पवयीन मातेच्या बाबतीत पेच सर्वांत अवघड होतो. मुलगी कळा देत येते, वय एकोणीस सांगते आणि आधार कार्डावर सतरा निघते. लग्न झालेले असते, सोबत सासू असते. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध झाल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. लग्न झालेले असणे हा बचाव नाही, कारण अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. बालविवाहाला माझा ठाम विरोध आहे आणि हा कायदा हवाच, असे मी मानते. परंतु पोलीस आले तर नवऱ्याला नेतील या धास्तीने ती मुलगी दुखत्या पोटाने उठून जाऊ पाहते तेव्हा तिला थोपवणारी, समजावणारी, आणि तिच्याच नजरेत विश्वासघातकी ठरणारी व्यक्ती परिचारिका असते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीची ओळख पोलिसांना न सांगण्याची मुभा दिली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांना आणि केवळ गर्भपातापुरती. प्रसूतीसाठी आलेल्या मुलीला तिचा लाभ नाही. ही खबर घरोघर पसरली की पुढची मुलगी नालासोपाऱ्याच्या किंवा गोवंडीच्या खोलीतच बाळंत होण्याचा धोका पत्करते, आणि तिथे रक्तस्राव सुरू झाला तर मदतीला कोणी नसते.

एचआयव्हीबाधित मातेच्या बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून जन्मानंतर लगेच नेव्हिरापिन या औषधाचे सिरप सुरू करावे लागते. 'शेजारच्या बाळाला नाही, मग आमच्याच बाळाला हे औषध का?' असे आजी विचारते. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा आईच्या संमतीविना तिची स्थिती उघड करू देत नाही. जोडीदाराला सांगण्याची मर्यादित परवानगीही डॉक्टर आणि समुपदेशकांपुरतीच आहे. खोटे बोलायचे नाही आणि खरे सांगायचे नाही, असे ते दोन मिनिटांचे उत्तर परिचारिकेला रोज नव्याने शोधावे लागते. खाटेला खाट लागलेल्या वॉर्डात गोपनीयता पाळायची कशी, याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नसते.

नवजात बाळाच्या बाबतीत तर कायद्याने कर्तव्य सांगितले, पण वाट दाखवलेली नाही. उशिराच्या गर्भपातात बाळ जिवंत जन्मले, तर त्याची काळजी घेणे पालकांचे आणि डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि पालक असमर्थ असतील तर जबाबदारी शासनाची, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. प्रत्यक्षात नातेवाईक 'काही करू नका' म्हणतात, डॉक्टर दुसऱ्या टेबलावर असतात आणि बाळ श्वासासाठी धडपडत असते. त्याला ऊब द्यायची, ऑक्सिजन द्यायचा, की नवजात अतिदक्षता विभागाला कळवायचे, हे त्या खोलीत आधीच लिहून लावलेले असायला हवे. नकोशा बाळाला 'ओळखीच्या चांगल्या घरी' देण्याची गळही सिस्टरलाच घातली जाते. त्यात पैशांचा व्यवहार झाला, तर दयेपोटी होकार देणाऱ्या परिचारिकेलाही बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि बाल कल्याण समितीपुढे बाळ रीतसर सोपवण्याचा मार्ग त्या आईला कोणी सांगितलेलाच नसतो.

कलम १०६ च्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत परिचारिका व प्रसविकांचा समावेश करावा, यासाठी राज्यातील खासदारांनी संसदेत आग्रह धरावा. ते होईपर्यंत महापालिका आणि राज्याचा आरोग्य विभाग बरेच काही करू शकतो. फोनवरच्या आदेशावर डॉक्टरांची सही ठरावीक वेळेत झालीच पाहिजे, असे परिपत्रक काढण्यास कोणाची परवानगी लागत नाही. रात्री अडीच वाजता फोन उचलणारा कायदा सल्लागार प्रत्येक मोठ्या रुग्णालयासाठी नेमता येईल. पोक्सोची खबर देण्याचे काम पाळीवरच्या सिस्टरवर न टाकता त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने करावे, म्हणजे ती त्या मुलीच्या उशाशी राहू शकेल. राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्यात नीतिमत्ता व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाने वर लिहिलेल्या प्रसंगांवर स्पष्ट मार्गदर्शन द्यावे, आणि ते लिहिताना लेबर रूममध्ये रात्रपाळ्या केलेल्या परिचारिका त्या टेबलावर असाव्यात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई