सूर्य मावळायच्या आत: मावशींना आभाराचं पत्र

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र एकट्या तुम्हाला पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून बायबलात घडी घालून ठेवलं असतं आणि पुढच्या भेटीत "एवढं लिहीत बसलास, तेवढ्यात दोन गाड्या झाल्या असत्या" असं म्हणून विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, तेवढी तुमची अट पाळतो.

उघड लिहायला आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या साक्षी तुम्हाला माहीतच आहेत. अमुक सभेत हात वर केला, गुडघ्यावर आलो, रडलो आणि त्या दिवसापासून बाटलीला शिवलो नाही. अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यांच्या साक्षीवर माझा तिळभर संशय नाही. पण ज्यांचं असं एका रात्रीत होत नाही, ती माणसं मागच्या बाकावर बसून "हालेलुया" म्हणतात आणि घरी जाताना मनात म्हणतात, आपल्याच विश्वासात काहीतरी खोट असणार. त्या बाकावर मी बरीच वर्षं काढली. तिथे आजही कोणीतरी बसलेलं असेल, त्यालाही हे कळावं.

माझं पाप म्हणजे राग. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत, त्यामुळे चर्चच्या मंडळीत माझी गणना चांगल्यांत व्हायची. दानाची थैली फिरवायला मी, नाताळात मांडवाच्या कामाला मी. पण गॅरेजचं शटर वर गेलं की माझं तोंड सुटायचं आणि पुष्कळदा हातसुद्धा. राग हे फार सोयीचं पाप आहे, मावशी. दारूचा वास तरी येतो. रागाला लोक "शिस्त" म्हणतात, "माणूस कडक आहे पण मनाचा चांगला" म्हणतात. आमच्या धंद्यात तर उस्तादानं शिव्या घातल्याशिवाय पोरगं तयार होत नाही असा रिवाजच आहे. माझ्या उस्तादानं मला तसंच तयार केलं, मी पुढच्यांना तसंच करत होतो. घरी जेवणाच्या ताटांना पोचे आले होते. ते कशानं आले हे पाहुण्यांनी विचारू नये म्हणून बायको ती ताटं मांडणीत मागे ठेवायची.

उपाय केले नव्हते असं नाही. उपास केले. शपथा घेतल्या, त्यासुद्धा बायबलावर हात ठेवून. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी भर सभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून क्रोधाच्या आत्म्याला धमकावलं. त्यानंतर काही दिवस मी खरोखर शांत होतो. मग एका पोरानं क्लचची केबल उलटी बसवली आणि सगळं पहिल्यासारखं झालं. उलट जास्तच, कारण आता रागाच्या जोडीला लाजही होती.

तुम्ही गाडीचे ब्रेक दाखवायला आलात तो दिवस तुम्हाला आठवतो की नाही कोण जाणे. मी पोराच्या अंगावर पाना भिरकावला होता. तो त्याला लागला नाही, टपावर आपटला. मला वाटलं, आता मंडळीसमोर आपली शोभा होणार. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "सकाळपासून काय खाल्लंयस?" मी म्हणालो, दोन चहा. तेव्हा एक वाजत आला होता.

त्या आठवड्यात तुम्ही मला एकही वचन ऐकवलं नाही. मला त्याचं नवल वाटलं, थोडा रागही आला. नंतर एकदा म्हणालात, "गाडी गरम होते म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला तू 'गरम होऊ देऊ नका' एवढंच सांगून परत पाठवतोस का?" मग वहीच्या एका कागदावर तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत, राग कधी येतो, कोणावर येतो, त्याआधी काय घडलेलं असतं. लिहिताना माझं मलाच दिसायला लागलं. अकरा ते दीड ही वेळ. पोट रिकामं. स्पेअर पार्ट आलेला नाही आणि गिऱ्हाइकाला डिलिव्हरीची वेळ देऊन बसलोय. फायनान्सवाल्याचा फोन. आणि गिऱ्हाइकावर मी कधीच ओरडत नाही, फायनान्सवाल्यावर तर नाहीच. ओरडतो ते उलट बोलू न शकणाऱ्यावर. ही शेवटची ओळ तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलीत.

त्यानंतर मात्र तुम्ही बायबलातल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडलात. देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका, असं प्रेषित पौल तिथे म्हणतो. तुम्ही विचारलंत, तुझी तरतूद कुठली? मग दहाच्या आत भाकरी खायची असं ठरलं. डिलिव्हरीची वेळ सांगताना एक दिवस वाढवून सांगायची. फायनान्सवाल्याशी आपणच सकाळी बोलून घ्यायचं, त्याच्या फोनची वाट बघायची नाही. हे सगळं इतकं साधं होतं की मला वाटलं, यात आत्मिक काय आहे? तुम्ही म्हणालात, "भाकरीनं पाप सुटत नाही रे. पण पोट भरलेलं असताना जो राग येईल ना, तो अस्सल तुझा असेल. त्याच्याशी आपल्याला बोलायचंय."

आणि तो आलाच. पोट भरलेलं, फोन शांत, तरीही आला. तेव्हा कुठे आतलं दिसलं. माझं काम माझ्याच पद्धतीनं झालं पाहिजे आणि चुकलं तर माझं नाव खराब होता कामा नये, हा माझा देव होता. रविवारी ज्याची उपासना करायचो तो दुसरा, आणि सोमवार ते शनिवार हा. रोमकरांसचा सातवा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलोय. जे चांगलं करायचं ते माझ्या हातून होत नाही आणि नको असलेलं वाईट तेच होतं, ही पौलाची तक्रार. पण त्या दिवशी तुमच्या ओट्यावर बसून तो वाचताना आठव्या अध्यायात शिरल्याशिवाय तुम्ही मला उठू दिलं नाहीत. "सातव्यात मुक्काम करायचा नाही," म्हणालात. आता दंडाज्ञा नाही, म्हणजे देव दोषी ठरवत नाही, या वाक्यावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "आधी हे, मग सुधारणा. उलट्या क्रमानं करायला गेलास म्हणून तुझ्या शपथा टिकल्या नाहीत."

वेळ लागतोय म्हणून मी कुरकुर करायला लागलो, तेव्हा तुम्ही मला पंडिता रमाबाईंचं सांगितलंत. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण त्यानंतरची जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. एवढी विद्वान बाई, सगळं शास्त्र मुखोद्गत, आणि हे कबूल करते! तुमच्या आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे), त्यामुळे रमाबाईंबद्दल तुम्ही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलता.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', वाचायला दिलंत. त्यांचे पती रेव्हरंड टिळक, त्यांची गीतं आपण दर रविवारी म्हणतो, आणि ते या आपल्याच नगरात राहून गेले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांचा शीघ्रकोप लक्ष्मीबाईंनी अजिबात झाकलेला नाही, हसत हसत सांगितला आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं, हे मी तुम्हाला सांगितलं आणि फसलो. "लक्ष्मीबाईंना हसता आलं. तुझी बायको हसते का?" असं तुम्ही विचारलंत.

तरी माझी खोड गेली नव्हती. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणाऱ्या जॉन न्यूटनवरचं एक प्रवचन ऐकून मी तुमच्याकडे धावत आलो. १७४८ साली समुद्रात वादळ झालं तेव्हा त्यानं देवाचा धावा केला, तिथून त्याचा पालट सुरू झाला. पण त्यानंतरही तो गुलामांच्या व्यापारातच होता, त्या गलबतांचा कप्तानसुद्धा झाला, आणि १७५४ मध्ये समुद्र सुटला तोही आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं पुस्तिका काढली ती थेट १७८८ मध्ये. बघा मावशी, म्हटलं, एवढ्या मोठ्या देवाच्या माणसाला चाळीस वर्षं लागली.

तुम्ही शेंगा सोलत होतात. हात थांबला नाही तुमचा. म्हणालात, "लागली ना. पण ती कोणाच्या खर्चानं? गलबताच्या तळाशी साखळ्यांत जी माणसं होती त्यांना कोणी जाऊन सांगितलं होतं का, की कप्तानसाहेबांची आत्मिक वाढ चालू आहे, जरा कळ काढा म्हणून?"

याच्याइतकं मला कोणी कधी लागेल असं बोललं नाही. पवित्रीकरण, म्हणजे पापातून सुटून पवित्र होत जाणं, ही आयुष्यभराची गोष्ट आहे, हे पाळकसाहेब शिकवतात ते खरंच आहे. पण त्या शिकवणीच्या आडोशाला माझ्यासारखे किती जण आरामात बसलेले असतात! माझी वाढ सावकाश होत होती आणि तिचं बिल गॅरेजमधली पोरं भरत होती.

तिथूनच सूर्यास्ताचा नियम निघाला. इफिसकरांस पत्रात सांगितलंय की राग मनात असताना सूर्य मावळू नये. मी ते आजवर सुविचारासारखं वाचलं होतं. तुम्ही ते घड्याळ बघून पाळायला लावलंत. ज्याच्यावर ओरडलो त्याच्याकडे त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत जायचं. ज्यांच्या देखत अपमान केला त्यांच्या देखतच माफी मागायची. "चुकलं माझं" एवढंच बोलायचं, पुढे "पण तूसुद्धा" जोडायचं नाही. थंडीत सूर्य सहाच्या सुमाराला जातो आणि गॅरेज तेव्हा ऐन गर्दीत असतं. हातात ऑइल, समोर तीन गिऱ्हाइकं, आणि आयटीआय करून आलेल्या पोरासमोर उस्तादानं उभं राहून माफी मागायची. पहिल्यांदा केलं तेव्हा ते पोरगं घाबरलं, त्याला वाटलं आपल्याला कामावरून काढतोय. एका गिऱ्हाइकानं मोबाइलमधून मान वर केली. माझी जीभ अक्षरशः टाळूला चिकटली होती. पण संध्याकाळी असं उभं राहावं लागणार हे माहीत असलं की दुपारी तोंड आपोआप आवरतं, हेही खरं.

यानंतर मी सुधारलो असं समजून मी एक नवाच उद्योग सुरू केला. ओरडणं बंद, पण बोलणंही बंद. चूक दिसली की पोराच्या हातातून काम काढून घ्यायचं, तोंड वाकडं करायचं आणि आपणच करायचं. घरीही अबोला. बायकोनं तुम्हाला फोन केला, "आधीचे बरे होते." तुम्ही मत्तयातला तो दाखला काढलात. अशुद्ध आत्मा घर सोडून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं. मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो. घर रिकामं ठेवलंस तर असंच होणार, म्हणालात. चोरानं चोरी सोडायची एवढंच पौल सांगत नाही, त्यानं कष्ट करून गरजवंताला द्यावं असंही सांगतो. तसं ज्या तोंडानं पोरांना पाडलं त्याच तोंडानं त्यांना उभं करायचं. रोज प्रत्येक पोराला एक तरी गोष्ट नीट समजावून सांगायची, असं ठरलं.

मावशी, मला शिकवता येत नव्हतं. मलाही कोणी बोलून शिकवलं नव्हतं, मार खाऊन आणि बघून शिकलो होतो. पहिल्या दिवशी मी प्लग काढून पोराच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, हा वाच. तोंड काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर कमी जातंय, इंजिन तापणार. फिकट तपकिरी असेल तर तब्येत चांगली. पोरगं प्लग उजेडाकडे धरून बघत राहिलं. मग पुढच्या गाडीचा प्लग त्यानं न सांगता काढला, माझ्याकडे आणला आणि म्हणालं, "हा काळा आहे, कार्बोरेटर बघू का?" गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत सहनशीलता आहे, सौम्यता आहे. ती फळं प्रार्थनेच्या खोलीतच लागतात अशी माझी कल्पना होती.

पाय घसरला नाही असं नाही. एकदा फार वाईट घसरला. तो प्रभुभोजनाचा रविवार होता आणि मी आलोच नाही, कारण ज्या पोरावर राग काढला होता त्याच्याकडे माफी मागायला अजून गेलो नव्हतो. तुम्ही उपासना संपल्यावर सरळ घरी आलात. रागावला नाहीत, धीरही दिला नाहीत. म्हणालात, "चल, त्याचं घर दाखव. मी बाहेर थांबते." परत येताना रस्त्यात योहानाच्या पहिल्या पत्रातलं ते वचन म्हणालात, आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. इतक्या सहज म्हणालात की भाजी काय घ्यायची ते विचारावं.

राग अजून येतो. पूर्वीपेक्षा उशिरा येतो आणि लवकर जातो, एवढं बायको सांगते, आणि तिची साक्ष मी माझ्या साक्षीपेक्षा वरची धरतो. नवी ताटं घेतली नाहीत. जुनीच आता पाहुण्यांना वाढते ती.

तुमचे आभार मानायचे ते नेमके कशाबद्दल, याचा मी पुष्कळ विचार केला. उपदेश करणारे मला भरपूर भेटले. माझ्यासाठी प्रार्थना करणारेही भेटले, त्यांचा मी ऋणी आहे. पण दर शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसून "या आठवड्यात कोणावर?" असं विचारणारं तुमच्याशिवाय कोणी भेटलं नाही. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा असं याकोब म्हणतो. तेवढ्यासाठी तुम्ही तुमचे शनिवार दिलेत, गुडघे दुखत असताना, मुलगी पुण्याहून आलेली असतानासुद्धा. आणि माझ्या तोंडून ऐकलेलं एक अक्षर मंडळीत कधी फिरून माझ्या कानावर आलं नाही. आपल्या मंडळीत ही किती दुर्मीळ गोष्ट आहे ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

आता एक काम आहे. माझ्याकडे टेम्पो लावणारा एक माणूस आहे, आपल्यातलाच, पण चर्चला येणं त्यानं सोडलंय. परवा त्यानं मला पोराची माफी मागताना बघितलं आणि शटर ओढायच्या वेळी थांबून राहिला. त्याचंही हेच आहे, घरात. मी त्याला कागदावर लिहायला लावलंय, अकरा ते दीडसारखी त्याची वेळ कोणती ते. पुढचं मला सांगता येईल असं वाटत नाही. तुम्ही म्हणाल, "आता तू बस त्याच्याबरोबर." बसतो. पण पहिल्या शनिवारी त्याला तुमच्याकडे घेऊन येतो, तुम्ही फक्त शेंगा सोलत बसा आणि मी चुकलो तर सांगा.

तुमचा,
गॅरेजवाला
नगर