यमूची गोष्ट, अम्मा आणि हजार विड्या

सोलापूर,
शुक्रवार, रात्री

प्रिय मित्रा,

दिवाळीला आलास तेव्हा हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी, ते जाड पुस्तक, ठेवून गेलास. ‘वाच, नाहीतर परत दे’ म्हणालास. खरं सांगतो, परत देणार होतो. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा वीस-पंचवीस पानांच्या पुढं गेलो नाही. दिवसभर मागांचा खडखडाट कानात भरलेला, त्यात एवढी लांब वाक्यं. शाळेत हरिभाऊ आपटे म्हणजे आपल्याला ‘जन्म १८६४, मृत्यू १९१९’ एवढीच दोन मार्कांची टीप होती. आपण दाजी पेठेतली पोरं, घरात तेलुगू, मराठी फक्त शाळेत आणि रस्त्यावर. ते पुण्याचे वाडे, ते सोवळं, ते आपल्यासाठी नाही असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मग एका रात्री झोप येऊ नये म्हणून मोठ्यानं वाचायला लागलो. अम्मा आणि तुझी वहिनी दारात विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, भिजवलेला तेंदूचा पत्ता, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. तुला काय सांगायचं, तुझ्याही घरी हेच होतं. दोन-तीन पानं झाली असतील, मी थांबलो तर अम्मा म्हणाली, ‘मग? त्या पोरीचं काय झालं?’

तिथं मला ते पुस्तक सापडलं. अरे, ती वाक्यं लांब नाहीत, ती बोलण्यातली आहेत! ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते, मध्येच थांबते, मागचं काही आठवलं की तिकडं वळते, अगदी आपल्या आया ओट्यावर बसून सांगतात तशी. आणि हरिभाऊंनी ती १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं छापली, पुस्तक १८९३ साली निघालं. म्हणजे ती एका बैठकीत संपवायची नाहीच. तेव्हाचे लोकही पुढचा अंक येईपर्यंत थांबत असतील. आम्हीही रोज रात्री एक प्रकरण, असं धरलं. वहिनी हजार विड्या पुऱ्या करून मगच उठायची. अम्माला न कळलेला शब्द मी तेलुगूत सांगायचो. एका सव्वीस वर्षांच्या माणसाला बाईच्या मनातलं इतकं कुठून कळलं, हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

यमू मुंबईला गेली, नवऱ्यानं तिला लिहायला-वाचायला शिकवलं, तेव्हा अम्मा खूश होती. मग तो गेला. पुढं सासरचे तिचे केस जबरदस्तीनं काढतात, ते पान आलं. माझा आवाज बसला. अम्माच्या हातातली कात्री अर्ध्या पानावर थांबली होती. तुला आठवतं ना, आमचे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो? दहाव्याला मला बाहेर ओट्यावर बसवलं होतं आणि तूही शेजारी बसला होतास. आत बांगड्या फुटल्याचा आवाज आला होता. त्यावर आमच्या घरात आजवर कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. त्या रात्री अम्मा बोलली. कुणी हात धरला होता, ती कशी ओरडली होती, हिरव्या काचेचा तुकडा मनगटात घुसलेला तिनं स्वतःच कसा काढला, सगळं. वण दाखवला. इतकी वर्षं तो वण मी पाहत होतो आणि विडीची कात्री लागली असेल असं समजत होतो.

विसाव्या वर्षी हे पुस्तक वाचलं असतं तर मी ते पान उलटून पुढं गेलो असतो, अशी मला खात्री आहे.

आता अम्मा रोज विचारते, पुढचं कुठलं? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचनालयातून आणलीत, पण त्या प्रतीची मधली आठ पानं गेलीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी प्रत बघशील का? टाइप मोठा असलेली बघ, दारातल्या दिव्याचा उजेड कमी पडतो. सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येशील तेव्हा घेऊन ये. शेंगा चटणी करून ठेवायला सांगितली आहे. आणि एक रात्र आमच्याकडंच राहा. अम्मा म्हणते, तुझा आवाज माझ्यापेक्षा मोकळा आहे, एक प्रकरण तू वाच.

तुझाच
दाजी पेठेतला