नाला खोलीकरणाआधी काठ तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आमच्याकडचे नाले काठ कापत जातात आणि लाल-हिरवट मातीतून विचित्र गोटे उघडे पडतात. वरोरा तालुक्यात विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो, तरी पोरं अजूनही ते घेऊन येतात. "सर, हे हाडूक आहे का?"

यंदा श्रावणात एका गुराख्याच्या मुलाने तळहाताएवढा जड तुकडा आणला. मोडलेल्या बाजूला भिंग लावलं, तर कडेला घट्ट थर आणि आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं. लाकडाचा दगड झाला असेल तर उभे तंतू दिसतात. चुनखडीच्या गाठीत यातलं काहीच नसतं. म्हणजे दगड झालेलं हाड नक्की. पण कोणाचं, कुठल्या अंगाचं? नागपूरच्या भूवैज्ञानिक मित्राला फोटो पाठवले. त्याने आधी एवढंच विचारलं, "काठात रुतलेलं होतं, की पात्रात पडलेलं?" मुलाला सांगता येईना. तुकडा दोघा-तिघांच्या हातून फिरून त्याच्याकडे आला होता, आणि आत काही चमकतं का हे बघायला कुणीतरी तो फोडलाही होता. ओळख तिथंच अडली.

वस्तू कुठल्या थरात होती हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे आमच्याच पिसदुरा गावाने जगाला दाखवलं आहे. तिथल्या वावरांत डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये संशोधकांना त्यांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे त्यातून कळलं. तोवर गवत त्यांच्यानंतर आलं असं मानत. आणि ते शेण टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी प्राण्यांचं असावं, हे कशावरून? त्याच थरांत त्यांची हाडं मिळतात, यावरून. गोळे कुणी गोळा करून शोकेसात ठेवले असते तर हा धागा जुळलाच नसता.

जवळच्या डोंगरगावचंही तसंच. तिथे एकाच डायनासोरची बरीच हाडं एकत्र मिळाली, म्हणून १९९७ मध्ये नवी प्रजाती सांगता आली. पुढे २००३ मध्ये तिला आयसीसॉरस हे नाव मिळालं, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (आयएसआय). सुटं एकच हाड हाती असतं तर एवढं ठामपणे बोलता आलं नसतं.

म्हणून गावकऱ्यांना कळकळीची विनंती: असा दगड दिसला तर उपटू नका, धुऊ नका, फोडू तर मुळीच नका. शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, एक जवळून, एक सगळा काठ दिसेल असा. मोबाइलवर जागेची नोंद करा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवा.

प्रशासनाकडे एकच मागणी आहे. दर उन्हाळ्यात जेसीबी लावून नाला खोलीकरण होतं. पाणी अडायलाच हवं, त्याला माझा विरोध नाही. पण जेसीबी एका दुपारात जो काठ खरवडतो, त्यातले थर पुन्हा लावता येत नाहीत. पिसदुरा-डोंगरगाव पट्ट्यातल्या कामांची यादी मंजूर होण्याआधी एका भूवैज्ञानिकाने त्या काठांवरून चालत जावं, आणि त्याची नोंद कामाच्या फाइलीत लागावी. येत्या उन्हाळ्याच्या कामांपासूनच हे सुरू व्हावं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर