सूचना : रविवारची वार्षिक सभा

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता तालमीच्या हॉलवर आपल्या नाट्यसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. नवी कार्यकारिणी निवडायची आहे, त्यामुळे कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) हवाच. निवडीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचा अहवाल, दाखल करावा लागतो. मागच्या वेळी तो आपल्याकडून राहिला, बँकेतल्या सह्या बदलता आल्या नाहीत आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या नेपथ्याचे पैसे दोघांनी पदरचे घातले. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

दुसरा विषय, ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन. या वेळी नटराजपूजनावर थांबू नये, शेजारच्या वस्तीतल्या मुलांना तालीम पाहायला बोलवावं, असं मला मनापासून वाटतं. वर्षानुवर्षं तिथल्याच घरांतून आपल्याला साड्या, खुर्च्या, समया मिळत आल्यात.

थकलेली वर्गणी सोबत आणावी.

— कार्यवाह